विरारच्या हवेचे खडू

माझ्या सासऱ्यांनी केलेले खडू फळ्यावर नीट उमटायचे नाहीत. मध्येच करकरायचे, अर्ध्यात मोडायचे, आणि मुलं कानांवर हात ठेवून ओरडायची, "बाई, दुसरा घ्या ना!" मी घ्यायची नाही. शाळेच्या कपाटात खोकाभर पांढरेशुभ्र खडू पडलेले असायचे, पण मी पर्समधून कागदात गुंडाळलेला तो वेडावाकडा तुकडा काढायची आणि दटावायची, "गप्प बसा रे, हा विरारच्या हवेचा खडू आहे." मुलांना वाटायचं, बाईंचं डोकं फिरलंय. शिक्षकांच्या खोलीतही काहींना तसंच वाटायचं, फक्त ते तोंडावर बोलायचे नाहीत.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही विरारला चौथ्या मजल्यावर राहायचो, म्हणजे बिल्डिंगच्या सगळ्यात वरच्या. वर गच्ची, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, आणि टाक्यांत पाणी असलं तर नशीब. माझं माहेर वसईच्या किनाऱ्याकडचं, वाडीवालं. केळी, पानवेली, दाराशी विहीर. विहिरीच्या पाण्यावर वाढलेली मी लग्नानंतर टँकरची वाट बघायला शिकले आणि टँकरवाल्याशी भांडायलाही. सासरची माणसं देशावरची, नोकरीसाठी इकडे आलेली. घरात मी, नवरा, आमची लहान मुलगी आणि सासू-सासरे. मी त्यांना आई-बाबा म्हणायची.

चुना दोन्ही घरांत होता, पण दोन तऱ्हांचा. माहेरी तो पानाला लागायचा. सासरी तो निवळी करायला. आई चुन्याची कळी भिजवायच्या, ढवळून रात्रभर ठेवायच्या, आणि सकाळी वरचं नितळ पाणी अलगद बाटलीत काढून घ्यायच्या. हीच निवळी. माझ्या मुलीला दूध पचेना तेव्हा त्यांनी तिला चमचा चमचा निवळी दिली. मी विज्ञान शिकवणारी, नाक मुरडलं, पण पोरगी गुटगुटीत झाली आणि मला गप्प बसावं लागलं. बाटली उघडी राहिली की मात्र आई कडाडायच्या, "झाकण लाव गं आधी! हवा लागली की मरते ती."

ते खरंच होतं. उघड्या निवळीवर थोड्या वेळात साय धरते, पातळ आणि पांढरी. हवेतला कार्बन डायऑक्साइड निवळीतल्या चुन्याला मिळतो आणि त्याची खडूसारखी भुकटी होते. हे मी दर वर्षी शिकवायची. मुलांना नळीने निवळीत फुंकायला लावायची. श्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला की निवळी दुधासारखी होते आणि मुलं टाळ्या पिटतात. शाळेत शिकवते ती निवळी आणि आईंच्या ओट्यावरची निवळी एकच, हे मात्र मला कितीतरी वर्षं सुचलं नव्हतं.

मग आईंच्या फुफ्फुसात पाणी झालं. पाणी काढलं, घरी आणलं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, बाटलीत पाणी भरायचं, त्यात नळी बुडवून फुंकायचं, बुडबुडे काढायचे. आईंना तो पोरखेळ वाटायचा. दोन फुंका मारायच्या आणि नळी भिरकावायच्या. "अहो, मला काय साबणाचे फुगे करायला बसवता का या वयात?"

बाबा एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर होते, तेव्हा निवृत्त. गोड बोलून काम करून घेण्यात पटाईत. एका सकाळी त्यांनी सरबताच्या रिकाम्या बाटलीत पाण्याऐवजी आईंचीच निवळी भरली, नळी दिली आणि म्हणाले, "फुंक. जादू दाखवतो."

मी ओरडले, "बाबा, चुकून ओढलं त्यांनी तर?"

"ती आजवर माझं ऐकून काही ओढत नाही, फक्त सोडते," बाबा म्हणाले. आई हसल्या, आणि हसता हसता फुंकलं. पहिल्यांदा काही झालं नाही. दम लागला. थांबल्या. परत फुंकलं. किती तरी वेळाने निवळी जराशी गढुळली आणि मग हळूहळू दुधासारखी झाली.

"अगं बाई!" आई म्हणाल्या. "हे माझ्यातनं आलं?"

"तुझ्यातनंच. बघ, अजून किती माल आहे आत."

त्या दिवसापासून रोज सकाळी दूध करायचा कार्यक्रम. बाबा नवी निवळी भरायचे, पलंगाशी बसायचे, पाठीवर हात ठेवायचे. माझी मुलगी शाळेचा गणवेश घालून दारात उभी राहून "आजी, जोरात! आजी, जोरात!" ओरडायची. मी डबे भरता भरता कान तिकडे लावून असायची. बुडबुड्यांचा आवाज लांबला की मला बरं वाटायचं, आणि लवकर थांबला की पोळी करपायची.

एका सकाळी त्यांनी फुंकलं, दूध झालं, आणि दुपारी श्वास फार वाढला म्हणून त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या परत आल्या नाहीत.

सकाळची बाटली तशीच राहिली होती. बाबांनी तिला बूच लावलं आणि आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवली. पांढरं खाली बसलं, वरचं पाणी परत नितळ झालं.

बाबा त्यानंतर बोलायचेच बंद झाले. बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. दाढी नाही, पेपर नाही. जेवायला हाक मारली तर यायचे, ताटाकडे बघायचे आणि भाताचे चार घास खाऊन उठायचे. नवरा म्हणायचा, "वेळ जाऊ दे." वेळ जात होता आणि बाबाही त्याच्याबरोबर चालले होते, हे त्याला दिसत नव्हतं की बघायचं नव्हतं, कोण जाणे. मला त्यांची फार काळजी वाटायची. माझे स्वतःचे वडील लवकर गेले. ह्या माणसाने मला कधी सून म्हणून वागवलं नव्हतं. माझी बी.एड.ची परीक्षा होती तेव्हा पहाटे उठून मला चहा करून द्यायचे.

दिवाळीची झाडलोट करताना मी ती बाटली उचलली. तळाशी पांढरं साचलंय, धुऊन टाकू, तेल भरायला होईल, एवढाच विचार. नळाखाली धरून बूच काढणार तोच मागून आवाज आला, "ठेव ती! ठेव म्हणतो ना!"

कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं मोठं वाक्य. माझ्या हातातून बाटली सुटता सुटता राहिली. त्यांनी ती घेतली, धोतराने पुसली आणि म्हणाले, "तिचा श्वास आहे त्यात." मग परत खिडकीत ठेवून आले. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला रडू आवरेना.

त्या दिवशी त्यांचं काहीतरी उघडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर मागितला. पेपरात कुठेतरी आतल्या पानावर आलं होतं की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोय, पृथ्वी तापतेय, आणि परदेशात काही शास्त्रज्ञ हवा धुवायची यंत्रं करता येतील का, ते बघताहेत. हवेतून तो वायू धरायचा आणि जमिनीत खोल पुरून टाकायचा. बाबांनी ते कात्रण मला दाखवलं. "बघ, हे तर माझंच काम. आमच्याकडे मनोरा होता. खालून गॅस चढायचा, वरून द्रावण पडायचं. कार्बन डायऑक्साइड त्यात अडकायचा, चांगला गॅस पुढे जायचा. आम्ही त्याला गॅस धुणं म्हणायचो."

"आणि अडकलेल्याचं काय करायचात?"

"सोडून द्यायचो. चिमणीतून, वर. आमच्या कामाचा नव्हता ना तो." मग म्हणाले, "नोकरीभर सोडला. आता थोडा खाली आणून बघतो."

आणि सुरू झालं! नालासोपाऱ्याच्या गाळ्यांतून पाइप आला. कुठल्याशा कारखान्यातून फुटक्या बांगड्यांचं पोतं आलं. बांगड्यांवरून निवळी झिरपत खाली आली की हवेला भिडायला जागा मिळते, असा त्यांचा हिशोब. कूलरचा जुना पंप, घरातला एक्झॉस्ट फॅन (माझ्या स्वयंपाकघरातला, न विचारता काढलेला), खाली घमेलं. गच्चीवर टाकीशेजारी हा मनोरा उभा राहिला आणि घुर्रघुर्र करायला लागला. वरून निवळी, खालून विरारची हवा. घमेल्यात पांढरा गाळ जमायचा. बाबा तो वाळवायचे, भाताच्या पेजेत मळायचे, बोटाएवढे वळून उन्हात ठेवायचे आणि खडू म्हणून माझ्या हातात द्यायचे.

सोसायटीवाल्यांना आयताच विषय. "काय काका, आभाळाला चुना लावताय का?" सेक्रेटरी रोज विचारायचे, आणि रोज स्वतःच हसायचे. बाबाही हसायचे. "आजवर सगळ्यांनी आपल्याला लावला, आता आपण लावू!" रोज दाढी करायला लागले. दोन पोळ्या खायला लागले. नातीला हाताशी धरून बांगड्यांचे रंग निवडायला लागले, कारण तिला मनोऱ्यात वर हिरव्या आणि खाली लाल बांगड्या हव्या होत्या. एक्झॉस्ट फॅनशिवाय माझ्या स्वयंपाकघरात फोडणीचा धूर कोंडायचा आणि मी खोकत खोकत मनात म्हणायची, कोंडू दे.

फक्त एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. मी विज्ञानाची बाई, मला माहीत असणारच. हे यंत्र बिनकामाचं होतं.

कसं, ते सांगते. चुना काही झाडाला लागत नाही. चुनखडीचा दगड नाहीतर शिंपले भट्टीत भाजले की चुना होतो. भाजताना त्या दगडातून, त्या शिंपल्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हवेत जातो. मग त्या चुन्याची निवळी करा, हवा धुवा, ती जास्तीत जास्त तेवढाच कार्बन डायऑक्साइड परत धरणार. भट्टीने सोडला, मनोऱ्याने धरला. वर भट्टीचं जळण आणि आमचं विजेचं बिल. खरी यंत्रं करणाऱ्यांना हे सगळं सोडवावं लागतं, धरलेला वायू परत सुटू न देता पुरावा लागतो. आमच्याकडे काय पुरणार, कुंडीत?

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बोलू नकोस. खडू करताहेत ना? करू दे." मलाही तेच हवं होतं. माणूस सकाळी उठतोय, दाढी करतोय, जेवतोय. त्याच्यापुढे समीकरण काय चाटायचंय? मी जीभ दाताखाली धरली. माझ्या स्वभावाला हे किती अवघड, ते माझ्या घरच्यांना विचारा.

पण माझ्याच खडूंनी घात केला. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, हे कसले खडू, आणि ऐकल्यावर त्यांना एवढा उमाळा आला की म्हणाल्या, विज्ञान दिनाला तुमच्या सासऱ्यांना बोलवा, नववीच्या मुलांसमोर सांगू देत. बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. रोज गच्चीवर फेऱ्या मारत भाषण घोकायला लागले. "बालमित्रांनो, आपण हवा धुऊ शकतो."

माझी झोप उडाली. नववीला चुन्याची भट्टी मीच शिकवली होती. वर्गात दोन-तीन पोरी अशा होत्या की बाईंच्या चुका काढायला टपलेल्या. त्यातली एखादी उठणार, विचारणार, आणि हा माणूस भर वर्गात उघडा पडणार. तिथून तो घरी येईल तो परत बाल्कनीतल्या खुर्चीत बसायला. नाही सांगितलं तर असं, आणि सांगितलं तर मीच त्याला त्या खुर्चीत बसवणार. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी एका संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्ताने गच्चीवर गेले. मनोरा घुर्रघुर्र करत होता.

"बाबा, चुना कुठून येतो?"

"दुकानातनं. विज्ञानाची बाई ना तू?"

"आणि दुकानात?"

"भट्टीतनं," ते म्हणाले, आणि तिथेच थांबले. कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस, त्याला पुढचं सांगायची गरजच नव्हती. मग वाकून त्यांनी पंपाचं बटण बंद केलं. इतक्या महिन्यांत त्या आवाजाची सवय झालेली, गच्ची एकदम ओकीओकी वाटायला लागली.

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"हं," म्हणाले, आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी दाढी नाही. खुर्ची, बाल्कनी. ताटात पोळी तशीच. नवरा म्हणाला, "सांगितलं होतं तुला." त्याला एवढंच बोलता येतं. मी रागाने भांडी आपटली, पोरीला उगाच एक धपाटा घातला आणि मग तिला जवळ घेऊन रडले. देवापुढे दिवा लावताना आईंच्या फोटोला म्हटलं, आई, तुमचं माणूस मी घालवलं हो.

विज्ञान दिनाच्या सकाळी मी शाळेत कळवायचं ठरवलं की बाबांची तब्येत बरी नाही. साडी नेसून बाहेर आले तर बाबा दारात उभे. दाढी केलेली, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. "चल. उशीर होईल."

रिक्षात मी म्हटलं, "बाबा, नाही गेलो तरी चालेल."

"बोलावलंय ना? मग जायचं."

वर्गात त्यांनी आधी एका मुलाला निवळीत फुंकायला लावलं. मग मनोऱ्याची चित्रं दाखवली, बांगड्या दाखवल्या, खडू वाटले. पोरं खूश. मग म्हणाले, "आता ह्यात एक गोम आहे. ती मला माझ्या सुनेने दाखवली. सासऱ्याच्या चुका सगळ्याच सुना काढतात, पण हिने समीकरणासकट काढली." पोरं खो खो हसली. "लिही गं फळ्यावर."

मी लिहिलं. त्यांच्याच खडूने. दगड भाजला, चुना झाला, वायू सुटला. त्याखाली, चुन्याने वायू धरला, परत दगड झाला. खडू करकरला आणि या वेळी कुणी ओरडलं नाही.

पहिल्या बाकावरची पोरगी उठलीच. "म्हणजे आजोबा, सुटला तेवढाच धरला? शून्य?"

"शून्यसुद्धा नाही, बाळ. भट्टीचं जळण, माझा पंप. थोडा वाढलाच असेल."

"मग कशाला केलंत एवढं?"

मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. बाबांनी पिशवीत हात घातला आणि टॉवेलात गुंडाळलेली सरबताची बाटली बाहेर काढून टेबलावर ठेवली. हलल्यामुळे तळाचं पांढरं वर उठलं होतं.

"भट्टीतनं गेला तो कुणाचा होता कोण जाणे. डोंगराचा असेल, शिंपल्याचा असेल. हा माझ्या बायकोचा आहे. ती आजारी होती. शेवटच्या दिवशी सकाळी फुंकलं तिने." त्यांनी बाटलीवर हात ठेवला. "एवढ्या थकलेल्या माणसाचा श्वास धरता आला, म्हणून मला वाटलं, बाकीचाही धरता येईल. मला नाही जमलं. दगड न भाजता धरता येईल असं काहीतरी तुम्ही शोधा. मी खडू देतो लागतील तेवढे."

ती पोरगी हळूच म्हणाली, "सॉरी आजोबा," आणि ते म्हणाले, "सॉरी कशाला? प्रश्न बरोबर होता."

परत येताना बाजाराच्या नाक्यावर त्यांनी रिक्षा थांबवली. "चुना संपलाय. घेऊ या."

"आता कशाला?" मी म्हटलं.

"आहे काम."

रात्री त्यांनी चुना भिजवला, आई भिजवायच्या तसाच. सकाळी मी डबे भरत होते तेव्हा ते स्वयंपाकघरात आले. हातात दुसरी एक रिकामी बाटली होती, तीत नितळ निवळी, आणि तीच जुनी नळी, उकळून घेतलेली. माझ्यापुढे धरली. "घे. फुंक."

"मी? मला काय धाड भरलीय? चांगली धडधाकट आहे मी!"

"म्हणूनच."

गॅसवर पोळी होती. मी गॅस बारीक केला, नळी तोंडात धरली आणि फुंकलं. माझी मुलगी धावत आली, "आई, जोरात! आई, जोरात!" जोर लावायची वेळच आली नाही. पाच-सहा बुडबुडे निघाले असतील नसतील, निवळी दुधासारखी पांढरी झाली.

बाबांनी बाटली उजेडात धरली, बूच लावलं, नीट दाबलं.

"बघ, तुझं लगेच झालं," ते म्हणाले. "तिला किती वेळ लागायचा."